आम्ल कधी घालायचं?

नमुन्यातून बुरशी वेगळी करायची तर पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार, म्हणजे बुरशी वाढवायचं माध्यम) आम्लधर्मी करा, जिवाणू आपोआप मागे पडतात, असं या चर्चेत आधी म्हटलंय ते बरोबरच. पण टार्टारिक किंवा लॅक्टिक आम्ल नेमकं कधी घालायचं हे कुणीच लिहिलेलं नाही, आणि प्लेट्स नीट गोठत नाहीत ही तक्रार बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. पीएच ३.५ च्या आसपास आणून मग १२१ अंश सेल्सिअसवर ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं) तर अगारच्या, म्हणजे माध्यम गोठवणाऱ्या पदार्थाच्या, लांब साखळ्या तुटतात आणि माध्यम पातळच राहतं. म्हणून आधी ऑटोक्लेव्ह, मग ४५-५० अंशांपर्यंत निवू द्यायचं, निर्जंतुक आम्ल मिसळायचं आणि लगेच ओतायचं. असं माध्यम पुन्हा वितळवायच्या भानगडीत तर पडूच नका.

मला स्वतःला आम्लापेक्षा प्रतिजैविक बरं वाटतं. क्लोरॅम्फेनिकॉल उष्णता सोसतं, त्यामुळे माध्यमातच घालून ऑटोक्लेव्ह करता येतं. स्ट्रेप्टोमायसिन मात्र फिल्टरने निर्जंतुक करून, माध्यम निवल्यावरच. राहता राहिले म्युकर, रायझोपस या झपाट्याने पसरणाऱ्या बुरशी. हे अख्खी प्लेट व्यापून टाकतात आणि त्यांना ना आम्ल अडवतं ना क्लोरॅम्फेनिकॉल. तिथे रोझ बेंगाल हा रंग माध्यमात हवा, त्याने वसाहती लहान आणि आटोपशीर राहतात. फक्त त्या प्लेट्स अंधारात ठेवा, कारण उजेड लागला की त्या माध्यमात बुरशीलाच मारक पदार्थ तयार होतात. उलट, मातीतून जिवाणू काढायचे असतील तर सायक्लोहेक्सिमाइड घालून बुरशी दाबतात. ते माणसालाही विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालूनच वजन करा.