डॉमिनिक हाशेक इतक्या उशिरा कसा पुढे आला? (आइस हॉकी, गोलकीपर)

नाशिक_ते_मिसिसागा
नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षांपूर्वी इकडे कॅनडात आलो. मुलगा 11 वर्षांचा आहे, शाळेतली सगळी पोरं आइस हॉकी खेळतात म्हणून हाही लागला आणि पहिल्या महिन्यापासून एकच धोशा, मला गोलीच (म्हणजे गोलकीपर) व्हायचंय. इथली मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात, याची सुरुवातच उशिरा झाली. या सीझनला टीममध्ये दोन गोली आहेत आणि हा दुसरा, म्हणजे पॅड बांधून, मास्क मांडीवर घेऊन नुसता बाकावर बसून असतो. घरी येताना गाडीत एक शब्द बोलत नाही हो, बघवत नाही. त्याच्या कोचनी सांगितलं की हाशेकबद्दल वाच, तोही खूप उशिरा पुढे आला. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोणी नीट सांगेल का की हा माणूस कोण, आणि खरंच उशिरा आला का?

बफेलोत_होतो_एकेकाळी
ताई, बरोब्बर माणसाला विचारलंत, मी 1996 ते 2000 बफेलोत नोकरीला होतो आणि हाशेकमुळेच हा खेळ बघायला लागलो.

जन्म 1965, चेकोस्लोव्हाकियातलं पार्दुबित्से गाव. लहानपणी वडील निवड चाचणीला घेऊन गेले तेव्हा धड स्केट्सही नव्हते, बुटाच्या तळाला स्क्रूनी पाती बसवलेली. पण पोरगा उंच होता आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या गटात गोली नव्हता, म्हणून त्याला तिकडे घेतलं. 1983 मध्ये NHL (अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी लीग) मधल्या शिकागोने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, 199व्या नंबरवर निवडला, पण तेव्हा कम्युनिस्ट राजवट, देश सोडून जाणार कसा? 1990 मध्ये अमेरिकेत आला तेव्हा पंचविशी झालेली. आणि आला तर शिकागोत पुढे एड बेलफोर, तिथला मुख्य गोली! दोन सीझन मिळून मुख्य टीमकडून 25 सामने, बाकी वेळ इंडियानापोलिसला खालच्या लीगमध्ये. 1992 ला बफेलोला पाठवला, तिथे पुढे ग्रँट फ्यूर, तोही मोठा गोली. फ्यूरला दुखापत झाली तेव्हा 1993-94 मध्ये याला खरी संधी मिळाली, आणि त्या सीझनला याने सामन्यामागे सरासरी दोनपेक्षा कमी गोल दिले, 1.95, असं त्याआधी वीस वर्षं कोणाला जमलं नव्हतं. म्हणजे वयाच्या 29व्या वर्षी पहिल्यांदा वेझिना ट्रॉफी (सर्वोत्तम गोलीची). मग अशा एकूण सहा जिंकल्या. हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची, ती 1997 आणि 1998 अशी दोनदा. दोनदा मिळालेला दुसरा गोली आजपर्यंत झालेला नाही.

त्याच 1994 च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) न्यू जर्सीविरुद्ध चार ओव्हरटाइम (बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ) चाललेल्या सामन्यात 70 शॉट अडवले, एकही गोल नाही, बफेलो 1-0 ने जिंकली. आता गंमत बघा, पुढचा सामना हरून ते बाहेरच गेले. गोलीचं असंच असतं.

पण मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक 1997-98 चं वाटतं. कोच बदलला होता, लोक त्यासाठी हाशेकला जबाबदार धरत होते, आणि सीझनच्या सुरुवातीला आपल्याच घरच्या मैदानावर लोक त्याची हुर्यो उडवायचे. मी तिथे बसलेलो असायचो, फार वाईट वाटायचं. त्याच सीझनला त्याने 13 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि मधल्या फेब्रुवारीत नागानो ऑलिम्पिक. सेमीफायनलला समोर कॅनडा, शूटआउटमध्ये (बरोबरी झाल्यावर एकेकट्याने येऊन गोलीवर शॉट मारायचा) कॅनडाचे फ्ल्युरी, बोर्क, न्यूएनडाइक, लिंड्रोस, शॅनाहन, पाचही थांबवले. फायनलला रशियावर 1-0. सहा सामन्यांत फक्त सहा गोल दिले. प्रागमध्ये लोक ओरडत होते की हाशेकला राष्ट्राध्यक्ष करा.

कीपर_शिवाजीपार्क
मी क्लबला विकेटकीपिंग केलंय म्हणून माझं लक्ष तंत्राकडे जातं. हाशेकचे व्हिडिओ मुलाला जरूर दाखवा पण कोचला विचारून. तो बर्फावर सपशेल आडवा पडायचा, पाय हवेत, पाठीवर लोळायचा, कधी काठी टाकून देऊन त्याच हाताने पक (या खेळातली चकती) उचलायचा. कुठल्याच कोचने असं शिकवलं नसतं. लोकांना वाटायचं नशीब आहे. अहो, नशीब असतं तर कारकिर्दभर शंभरातले 92 पेक्षा जास्त शॉट अडले असते का? .922, इतिहासात सगळ्यात वरचा आकडा. तो पडायचा ते शेवटी पडायचा. त्याआधी शॉट कुठून येणार ते ओळखून पुढे आलेला असायचा, आणि शरीर एवढं लवचिक की पडल्यावरही गोलचा खालचा भाग बंद. गोल सहा फूट रुंद चार फूट उंच, पक कडक रबराचा, आणि समोर माणसांची गर्दी, दिसतच नाही बऱ्याचदा. पाय आणि नजर याच्यावर मेहनत घ्यायला सांगा, लोळणं नंतर.

पोहे_आणि_पक
एक दुरुस्ती. हाशेक उशिरा आला हे फक्त अमेरिकेच्या बाजूने बघितलं तर खरं आहे. पार्दुबित्सेच्या पहिल्या टीमकडून तो 16व्या वर्षी खेळला, तिकडे दोनदा लीग जिंकली, देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तीनदा निवडला गेला, आणि मग शिकागोच्या बाकावर जाऊन बसला. मला वाटतं ताई, तुमच्या मुलाला हे जास्त उपयोगी आहे. तो बाकावर बसला तेव्हा त्याला खेळता येत नव्हतं असं नाही. जागा एकच असते. बाकी खेळाडू आलटून पालटून बर्फावर जातात, गोलीचं तसं नाही.

आणि शेवटही बघा. 2002 ला डेट्रॉइटकडून स्टॅनली कप (NHL चं विजेतेपद) जिंकला तेव्हा तो टीमचा मुख्य गोली होता. 2008 ला परत डेट्रॉइट, वय 43, प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत चार सामन्यांनंतर त्याला बसवला आणि दुसऱ्या गोलीला, ऑसगुडला, घेतलं. कप जिंकला तेव्हा हाशेक बाकावर होता. निवृत्ती घेतली, परत फिरला, आणि 45व्या वर्षी पार्दुबित्सेला गावच्या टीममध्ये खेळून लीग जिंकला!! मग एक सीझन मॉस्कोला.

बफेलोत_होतो_एकेकाळी
पोहे, बरोबर, मी ते चेक लीगचं गाळलं, चूक झाली. 1999 ची स्टॅनली कप फायनलही गाळली कारण अजून त्रास होतो. डॅलसविरुद्ध सहावा सामना, तिसरा ओव्हरटाइम, ब्रेट हलचा गोल, त्याचा पाय क्रीजमध्ये होता, म्हणजे गोलसमोरच्या निळ्या भागात, आणि तेव्हाच्या नियमात त्यावरून वाद आजही चालू आहे. बफेलोला कप नाही मिळाला. 2015 ला त्याचा 39 नंबर तिथे कायमचा निवृत्त केला.

नाशिक_ते_मिसिसागा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तुमचे रिप्लाय त्याला मराठीतूनच वाचून दाखवले. बुटाला पाती बसवलेली ऐकून दोनदा विचारलं, खरंच का. मग बाबाबरोबर बसून नागानोचे पाचही शॉट बघितले, थांबवून थांबवून. झोपताना विचारत होता की 2008 ला बाकावर असताना तो मास्क मांडीवर ठेवायचा की डोक्यावर. हे कोणाला माहीत असेल तर सांगा. शनिवारी सकाळी सहाला प्रॅक्टिस आहे, त्याच्या आत कळलं तर बरं.