फुटबॉलच्या मैदानावर बेसबॉलचा डायमंड कसा आखायचा? (शिवाय ग्लोव्हची बुरशी)

फोंड्याचा_बेसबॉलवेडा
नमस्कार मंडळी. ओटानी आणि इचिरो या जपानी बेसबॉलपटूंचे व्हिडिओ बघून वाड्यावरची 10 ते 12 वर्षांची पोरं हट्टाला पेटलीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, तरी उठून बघतात! चवथ झाली, पाऊस ओसरला की गावच्या फुटबॉल मैदानावर सुरुवात करायची आहे. डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, नेमका कसा आखायचा? चामड्याचे ग्लोव्ह या दमट हवेत टिकवायचे कसे? आणि प्रत्येकालाच ओटानीसारखा चेंडू फेकायचाय, त्याचं काय करायचं?

कॉर्नर_फ्लॅग
मैदानाचा कोपरा म्हणजे आयता काटकोन. होम प्लेटचं (बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो ती पाटी) मागचं टोक तिथे धरा आणि दोन्ही रेषांवर 18.29 मीटर (60 फूट) मोजा. पहिला आणि तिसरा बेस झाला. त्या दोन्ही खुणांपासून पुन्हा 18.29 मीटर मोजून टेप जिथे भेटतील तो दुसरा. होमपासून दुसऱ्यापर्यंतचा कर्ण 25.86 मीटर भरला तर चौकोन बरोबर. त्याच कर्णावर 14.02 मीटरवर पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) पट्टी. मोठ्यांसाठी हेच आकडे 27.43, 38.80 आणि 18.44. नायलॉनची दोरी नको, ओढली की लांबते.
एक गफलत हमखास होते: पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे चौकोनाच्या आत, रेषेला टेकून बसतो. दुसऱ्याचा मात्र मध्य खुणेवर येतो. फक्की मारण्याआधी हे बघून घ्या.

तिसरा_बेस
मोजमापं बरोबर, पण प्लेट ऐन कोपऱ्यात नको. कॅचर (प्लेटमागे चेंडू पकडणारा) आणि पंच उभे कुठे राहणार? दोन्ही रेषांपासून 5-5 मीटर आत या, म्हणजे प्लेटमागे तिरकी 7 मीटर जागा मिळते. मागे जाळी हवीच, आणि तिथे गोलची जुनी जाळी लावू नका. तिची भोकं 10-12 सेंटीमीटरची, चेंडूचा व्यास साडेसातच्याही आत, सरळ आरपार जातो. क्रिकेटच्या सरावाची जाळी आणा आणि खालून ढिली सोडा, ताणलेल्या जाळीवरून चेंडू उसळून कॅचरच्या पाठीत बसतो.
पुढे मोठी मुलं खेळली तर गोलपोस्टचा विचार करा. मैदान 68 मीटर रुंद असेल तर पोस्ट कोपऱ्यापासून 30 मीटरवर येते, म्हणजे कोपऱ्यातून आखलेल्या पहिल्या बेसच्या जेमतेम तीन मीटर पुढे. पहिल्या बेसवरून धावत पुढे निघून जायची मुभा असते, त्यामुळे धावपटू थेट खांबावर. गोलरेषा तिसऱ्या बेसच्या बाजूला येईल असा कोपरा निवडा.
आणि हो, बॅटरची पाठ समुद्राकडे ठेवा, नाहीतर संध्याकाळी मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत.

चामडं_आणि_वाद्या
ग्लोव्हबद्दल. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकला की बुरशी आलीच. खेळून झालं की कोरड्या फडक्याने माती पुसा, आत घामाचा ओलावा असतो म्हणून बोटांच्या जागा उघड्या ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, चामडं कडक होऊन वाद्या तुटतात. ठेवताना ग्लोव्हच्या खोलगट भागात चेंडू ठेवून वरून सैल पट्टी बांधा. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा आणि मगच पुसा. खोबरेल चोपडायची आपल्याकडे खोड आहे, ती इथे नको. चामडं तेल पिऊन जड आणि लिबलिबीत होतं. ग्लोव्हचं कंडिशनर, तेही वाटाण्याएवढं, बस. पोरांना सांगा, 2004 मध्ये एका हंगामात 262 हिट (बेस गाठून देणारे फटके) मारणारा इचिरो स्वतःचा ग्लोव्ह स्वतः पुसायचा.
चेंडू मात्र सरावाला सिंथेटिक आवरणाचेच घ्या. आपल्या तांबड्या चिऱ्याच्या खड्यांवर चामड्याचं आवरण लगेच फाटतं, आणि भिजलेला चेंडू जड होतो.

कॉर्नर_फ्लॅग
ओटानीसारखं फेकायच्या हट्टाला माझा कडक नकार, निदान वेगाच्या बाबतीत. 2024 मध्ये 54 होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके) मारणारा आणि 59 बेस चोरणारा (फटक्याविना धावून पुढचा बेस गाठणारा) हा माणूस, पण त्या वर्षी तो पिचिंग करत नव्हता, कारण 2023 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली होती. 2018 मध्येही झाली होती. लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलची अमेरिकी संघटना) नियमात 9-10 वर्षांच्या पिचरला दिवसाला 75, तर 11-12 वर्षांच्याला 85 चेंडूंची मर्यादा आहे. 66 किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती. तुमच्या नवख्यांना मी 30 वरच थांबवेन. कर्व्ह (वळणारा चेंडू) शिकवूच नका. फोर-सीम (सरळ चेंडूची पकड) धरा: तर्जनी आणि मधलं बोट नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली, चेंडू आणि तळव्यात बोटभर फट. क्रिकेटवाली पोरं सवयीने हात सरळ ठेवून फिरवतात. कोपर खांद्याच्या उंचीवर आणायला लावा. ते खाली राहिलं की ताण कोपरावर येतो.

फोंड्याचा_बेसबॉलवेडा
मंडळी, आभार! दोघं डावखुरे आहेत. त्यांचा ग्लोव्ह कुठला?

चामडं_आणि_वाद्या
‘लेफ्ट हँड थ्रो’ असं लिहिलेला. तो उजव्या हातात बसतो. ‘लेफ्ट’ शब्द बघून डाव्या हाताचा ग्लोव्ह समजून उजवखुऱ्यासाठी मागवला तर परत पाठवावा लागतो. माप 11 ते 11.5 इंच घ्या, आणि डावखुऱ्यांना पहिल्या बेसवर उभं करा, तिथे ते शोभतात.