पान ३ वरची ओळ: बायडन आत्ता अमेरिकेचे 'नियोजित राष्ट्राध्यक्ष' आहेत का?

मंजिरी, सोमवार ९ नोव्हेंबर २०२०, सायं. ६:१०
मंडळी, दिवाळी अंक उद्या सकाळी छपाईला जातोय. पान ३ वर शुभेच्छांखाली ओळ आहे: 'नियोजित राष्ट्राध्यक्ष जो बायडन व नियोजित उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचं मंडळातर्फे अभिनंदन.' श्रीकांतकाकांचा फोन आला की हे पद त्यांना अजून मिळालेलं नाही. ओळ ठेवू की काढू? फक्त याच ओळीबद्दल लिहा, रांगोळीच्या फोटोंचं नंतर बघू.

श्रीकांत, ६:४२
मंजिरी, फोनवर घाईत बोललो म्हणून लिहितो. शनिवारी बायडन जिंकल्याचं जे ऐकलं ते असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने आणि वाहिन्यांनी सांगितलेलं. देशभराचा निकाल जाहीर करणारी सरकारी कचेरी इथे नाही. प्रत्येक राज्य आपापला निकाल प्रमाणित करतं, ते काम अजून चालू आहे. १४ डिसेंबरला ५३८ इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्षासाठी मतं देतील, २७० ज्याच्या पदरात तो जिंकला. ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ती मतं मोजेल. २००० साली गोर-बुश निवडणुकीच्या रात्री आमच्या घरी जमला होतात ना? वाहिन्यांनी संध्याकाळी फ्लोरिडा गोरना दिलं, म्हणजे तिथे ते जिंकले असं सांगितलं, दहाच्या सुमारास परत घेतलं. रात्री दोननंतर बुशना दिलं, पहाटे तेही परत. हिने तीनदा चहा टाकला. निकाल लागला डिसेंबरात, फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर. वाहिनीच्या भरवशावर मंडळाच्या नावाने पद छापू नये.

राहुल, ७:०५
काका, तेव्हा सगळं एका राज्यात ५३७ मतांवर अडलं होतं, आज तसं नाही. एपी १८४८ पासून निकाल देतेय. आणि २०१६ ला ट्रम्पना दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी हा शब्द लावला, तेव्हा आपल्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. मापटं दोघांना एकच हवं.

अनघा, ७:५०
राहुल, मापटं एकच हवं हे पटलं. पण कुठलं? १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीत हा शब्द ('प्रेसिडेंट-इलेक्ट') आहे, व्याख्या नाही. दुरुस्ती तयार होत असताना प्रतिनिधीगृहाच्या समितीने १९३२ मध्ये लिहून ठेवलं की इलेक्टरांची मतं पडली की माणूस त्या पदाला पोचला, मोजणी व्हायची असली तरी. म्हणजे १४ डिसेंबर. १९६३ चा सत्तांतराचा कायदा मात्र 'वरकरणी विजयी उमेदवारा'ला कचेऱ्या आणि पैसे देतो, आणि तो उमेदवार कोण हे जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी कचेऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याच्या प्रमुख ठरवतात. त्यांची सही अजून झालेली नाही. हा नुसता शब्दाचा कीस नाही. निर्वाचित राष्ट्राध्यक्ष शपथेआधी वारला तर उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेली व्यक्ती राष्ट्राध्यक्ष होते, पण तो 'निर्वाचित' झाला कधी, हे आधी ठरावं लागतं. १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होरेस ग्रीली मतदानानंतर आणि इलेक्टरांच्या मतांआधी वारले. तीन इलेक्टरांनी तरीही त्यांना मत दिलं, काँग्रेसने ती मतं धरली नाहीत. ते हरलेलेच होते म्हणून निभावलं.

वसुधा, ८:२०
अनघाने 'निर्वाचित' लिहिलं, तेच बरोबर आहे. नियोजित म्हणजे ठरवलेला. नियोजित वर म्हणतो आपण, संमेलनाचे नियोजित अध्यक्ष म्हणतो. मतं पडून निवडून आला तो निर्वाचित. २००७ च्या जुलैत मी जळगावला आईकडे होते. २१ तारखेला प्रतिभाताई पाटलांचा, राष्ट्रपतिपदाचा निकाल लागला, २५ ला शपथ. निवडणूक अधिकाऱ्याने त्याच दिवशी जाहीर केलं, त्यामुळे मधल्या चार दिवसांत त्यांना काय म्हणायचं हा प्रश्नच आला नाही. आई पेढ्यांचा पुडा घेऊन समोरच्या तीन बिऱ्हाडांत जाऊन आली. इथेही तसं एका तोंडाने कोणी सांगायला हवं होतं.

दिलीप (खजिनदार), ९:०२
शब्द कोणताही असो, 'मंडळातर्फे' लिहिलं की ती कार्यकारिणीची गोष्ट होते. पान ३ कार्यकारिणीचं आहे, संपादकांचं ४ पासून सुरू होतं, हे गणपतीच्या अंकाच्या वेळी ठरलंय. आपण करमुक्त संस्था आहोत, कुठल्याही उमेदवाराचा प्रचार आपल्याला चालत नाही.

राहुल, ९:१०
दिलीपदादा, मतदान ३ तारखेला संपलं. अभिनंदन म्हणजे प्रचार कसा?

मंजिरी, ११:३५
अध्यक्षांशी बोलले. ओळ अशी जातेय: '३ नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान केलेल्या सर्व सभासदांचं अभिनंदन.' कोणाचंच पद नाही, नाव नाही. मला स्वतःला वाईट वाटतंय, कमलाताईंचं नाव पान ३ वर हवं होतं. पण अनघाचं पत्र वाचल्यावर १४ डिसेंबरआधी तो शब्द माझ्या हातून छापवणार नाही. पत्त्यांची लेबलं लावायला उद्या चार जण हवेत, अंक शनिवारी लक्ष्मीपूजनापर्यंत घरी पोचायला हवा.

राहुल, मंगळवार २४ नोव्हेंबर
जनरल सर्व्हिसेसचं पत्र काल निघालं. आता तरी?

श्रीकांत, २४ नोव्हेंबर
राहुल, त्या पत्राने कचेऱ्या आणि पैसे मिळाले. इलेक्टरांची मतं अजून पडायची आहेत.

मंजिरी, २४ नोव्हेंबर
संक्रांतीचा अंक ८ जानेवारीला छपाईला जाईल. तोवर इलेक्टरांची मतंही पडलेली असतील आणि ६ तारखेची मोजणीही झालेली असेल. वसुधामावशी, त्यात 'निर्वाचित' घालते. दिलीपदादा, पान ३ चा ठराव डिसेंबरच्या बैठकीत घेऊन टाका.