मदत हवी आहे: नाशकात उघड्यावर झोपणाऱ्यांना गरम कपडे कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या पोरांनी दारोदार फिरून गरम कपडे गोळा केलेत. रामकुंड, पंचवटी आणि नाशिकरोड स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना वाटायचे आहेत. पण गेल्या वर्षीची फजिती आठवून मी धास्तावलेय.

तेव्हा रात्री चाळीस ब्लँकेटं घेऊन आम्ही गोदाघाटावर गेलो. डिकी उघडली आणि झुंबड उडाली. चपळ होते त्यांनी दोन-दोन नेली, पायऱ्यांवर मुटकुळं करून पडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर डिकी रिकामी. वर आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मोबाइल पुढे केला, तर एका आजोबांनी पंचा तोंडावर ओढून घेतला. फार ओशाळल्यासारखं झालं. चार दिवसांनी परत गेले तर निम्मी माणसं पुन्हा गोणपाटावरच. एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, दिवसा ते ठेवू कुठं? पाण्याला गेले तेवढ्यात कुणी उचललं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

यंदाच्या ढिगात लहान मुलांचे स्वेटर आणि जुन्या साड्या भरपूर आहेत. आणि सत्काराच्या शाली! निवृत्तीच्या, साठीशांतीच्या, मंडळाच्या. काहींची घडीसुद्धा मोडलेली नाही. निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हा घाटाच्या दगडावर त्या विरविरीत शालीने काय होणार? पुरुषांचे जाड स्वेटर जेमतेम वीस निघाले, आणि घाटावर मला दिसले ते बहुतेक पुरुषच.

तर, नेमकं काय द्यावं, किती वाजता जावं, आणि उरलेल्या ढिगाचं काय करावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आधी एकदा रिकाम्या हाताने जा. कोण कुठे झोपतं ते बघून ठेवा. वाटप साडेअकरानंतर करा, तोवर खरंच तिथे झोपणारेच उरतात. गाडी लांब लावा, दोघं-तिघंच जा आणि ज्याचं त्याच्या उशाशी द्या. मोबाइल खिशात.

थंडी वरून लागते त्यापेक्षा दगडातून जास्त चढते. त्यामुळे अंगाखाली काय आहे ते बघा. जुना फ्लेक्स आणि त्यावर सतरंजी, एवढ्याने फरक पडतो. निवडणुका झाल्या की फ्लेक्सला काय तोटा! ते जाडजूड लोकरी ब्लँकेट नको, दवाने भिजलं की लवकर वाळत नाही आणि काखेत मारून फिरताही येत नाही. कानटोपी आणि मोजे मात्र द्याच. अंगावरच राहतात, कुणी चोरत नाही.

प्रतिसाद

लहान मुलांचे स्वेटर ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर न्या. दिवाळीनंतर टोळ्या येतात, कोप्यांमध्ये पोरंबाळं असतात, पहाटेच्या अंधारात आईबाप फडात जातात. साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या, शाली आतल्या थराला घाला. शिवणाऱ्या बाईला मजुरी द्या, फुकट मागू नका.

आणि कपड्यांवरच थांबू नका. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत 'उघड्यानागड्यांना वस्त्र' आणि 'बेघरांना आसरा' ही दोन वेगळी कलमं आहेत. सरकारी निकष शहरातल्या दर एक लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक कायमचा निवारा असा आहे. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या घरात होतं, हिशेब तुम्हीच करा. जवळचं निवारा केंद्र शोधा, रात्री तिथे जागा आहे का आणि कुटुंबाला एकत्र घेतात का, ते विचारून ठेवा. घाटावर कुणी विचारलं तर सांगता येईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फोटोबंदी आत्ताच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, दोघं रुसलेत. शनिवारी रिकाम्या हाताने जाऊन येते.

मावशींच्या बोलण्यावरून सुचलंय: प्रत्येक गोधडीबरोबर जुन्या जीन्सची, खांद्याला अडकवायची नाडीची पिशवी द्यावी का? दिवसा गोधडी त्यात घालून सोबत नेता येईल. कुणी अशी शिवली असेल तर माप सांगा, आमच्या टेलरकाकांना उद्या द्यायचंय.