बारावीनंतर परदेशात पदवी: 'किती मिळाली' नको, 'किती भरायचे उरले' ते सांगा

गोदाकाठ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारी एक गृहस्थ सांगत होते, "मुलाला अमेरिकेत वीस हजार डॉलरची स्कॉलरशिप लागली." सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी नंतर बाजूला घेऊन विचारलं, वर्षाचा एकूण खर्च किती? म्हणाले, साठ हजार. म्हणजे चाळीस हजार डॉलर दरवर्षी घरातून. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी ३४ लाख, चार वर्षांचे १ कोटी ३६ लाख. हा हिशोब तोवर त्यांनी मांडलाच नव्हता. बँकेला तारण काय द्यायचं याचाच विचार चालला होता.

माझं मत स्पष्ट आहे. छापील फीमधून थोडी रक्कम वजा करून दिली तर ती सूट आहे, तिला शिष्यवृत्ती म्हणू नये. पण म्हणून खरी मदत नसतेच, हेही खरं नाही. ती आपण चुकीच्या दारात शोधतो. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला चेव्हनिंग, फुलब्राइट-नेहरू, ऱ्होड्स, इनलॅक्स ही नावं आठवतात. हे सगळं पदवी हातात आल्यावरचं. बारावीच्या मुलाला मोठा पैसा मिळतो तो बहुतेक वेळा कॉलेजच्याच तिजोरीतून, घरची ऐपत पाहून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि २०२२ पासून डार्टमथ, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलाचाही अर्ज वाचताना ऐपत बघत नाहीत आणि घेतलं की कमी पडेल तेवढं देतात. इतर काही कॉलेजं गरज पूर्ण भागवतात, पण निवड करताना ऐपत विचारात घेतात.

माझी भाची निफाडची. तीन एकर द्राक्षबाग, दाजींनी आयकर विवरणपत्र कधी भरलेलंच नाही. या मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. रात्री अकराला आम्ही तो भरत होतो. रकाना आला, घराची बाजारातली किंमत. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, घर सामाईक. दाजी म्हणाले, "विकायचंच नाही त्याची किंमत कशाला?" मग तलाठ्याकडून सातबारा आणला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, खता-औषधांची बिलं काढली. ज्या वर्षी अवकाळीने बाग गेली त्या वर्षाचा पंचनामाही जोडला. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर मी बसून केलं. अकरा अर्ज, आठ नकार, दोन ठिकाणी प्रतीक्षा यादी, एक होकार. घरून भरायचे वर्षाला २,९०० डॉलर, म्हणजे अडीच लाखांच्या आत. विमानभाडं वेगळं.

या दाराने आणखी मुलांनी जायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय?

सातारी_मास्तर

ताई, भाचीचं मनापासून कौतुक. पण मत पटत नाही. बावीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतोय. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोनच्या आसपास घेतले जातात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या घरी बारावीचं वर्ष निबंधात गेलेलं असतं, आणि सीईटी-जेईई दोन्ही हातची जातात.

सरकारी कॉलेजातली पदवी इथे परवडते. ती चांगली करा, मग पीएचडीला जा. तिथे फी माफ होते, वर निर्वाहभत्ता मिळतो. घरचा एकही गुंठा विकावा लागत नाही.

दुसरं, गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला अट असते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाला निम्मी फी माफ होती, गुणांची सरासरी ४ पैकी ३.५ टिकवायची. पहिल्या सत्रात थंडी, एकटेपणा, इंग्रजीतले लांबलचक निबंध. सरासरी ३.१ आली आणि दुसऱ्या वर्षी माफी गेली. वडिलांनी राहतं घर गहाण टाकलं. अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं मला बघवलं नाही. त्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घ्यायचा प्रयत्न केला. कोर्टाने थांबवलं, पण तिथल्या मुलांचे ते दिवस कसे गेले असतील?

गोदाकाठ

सर, अटीबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच ऐपतीवरची मदत आणि गुणवत्तेची सूट यांत मी फरक करते. भाचीला दरवर्षी फॉर्म पुन्हा भरावा लागतो, पण ३.५ वगैरे अट नाही. अभ्यास रीतसर पुढे सरकला पाहिजे, एवढंच.

पण 'इथे पदवी, मग तिकडे फुकट' हेही अर्धंच आहे. पैसे मिळतात पीएचडीला. एमएसला जाणारी बहुतेक मुलं कर्ज काढूनच जातात. आणि पीएचडी प्रत्येकाला करायची नसते. सीईटीचा मुद्दा मात्र मान्य. भाचीने सीईटी दिली होती आणि पुण्यातल्या कॉलेजचा प्रवेशही धरून ठेवला होता. तो धरल्याशिवाय कुणीही या फंदात पडू नये.

भीमातीर

तुम्ही दोघंही अशा घरांबद्दल बोलताय जिथे फॉर्म भरून द्यायला एक मावशी आहे. वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या पोरांना सीएसएस हे नाव कोण सांगणार?

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, आमच्या अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणाऱ्या या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. पदवीला नाही. बाबासाहेबही १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाल्यावरच. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा संस्थानाची ऐपत तेवढी होती, आज राज्याची ती नाही का? ज्यांच्याकडे पैसा आहे ती मुलं बारावीनंतर जातात, आमच्या मुलाने मात्र आधी चार वर्षं इथे तग धरून दाखवायचा. शासनाने थोड्या जागा तरी पदवीला उघडाव्यात.

सातारी_मास्तर

भावना पोचली, मार्ग पटत नाही. तिथल्या मोठ्या खासगी कॉलेजात एका मुलाचा वर्षाचा खर्च ७० लाखांच्या घरात जातो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठीच्या राज्याच्या स्वाधार योजनेत मोठ्या शहरात राहणाऱ्या मुलाला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. एकाच्या पैशात शंभरावर मुलं शहरात राहून शिकतील. मी मंत्री असतो तर शंभर निवडली असती.

भीमातीर

सर, दर वेळी आमच्याच शंभर मुलांपुढे आमचाच एक उभा का करता? तुलना करायची तर इतर खर्चांशी करा. आणि स्वाधारचे पैसे वेळेवर जमा होत नाहीत म्हणून मेसवाल्याने ताट बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन्ही मागू.

राईनकाठ

सगळे अमेरिकेवरच अडलेत. मी जर्मनीत आहे. इथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीला बहुतेक ठिकाणी फीच नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिष्यवृत्ती शोधायची गरजच कशाला?

पण तीन गोष्टी आधी कळायला हव्यात. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश होत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड पास हवी, किंवा भारतात पदवीचं एक वर्ष, नाहीतर इथे येऊन श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम. पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमध्ये, तेव्हा भाषा दहावीपासून धरा. आणि व्हिसासाठी दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा 'ब्लॉक्ड' खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. मी आले तेव्हा रक्कम कमी होती, तरी बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढले होते.

गोदाकाठ

मग तेच झालं ना? फी शून्य, पण घरून घालायचे उरतात वर्षाला दहा लाखांच्या वर. निफाडच्या घराला ते अडीच लाखांपेक्षा चौपट जड. जर्मनी वाईट आहे असं नाही म्हणत मी, फक्त 'फुकट' हा शब्द नको. पूर्ण खर्चाचीच हवी असेल तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती बघा, दूतावासामार्फत. पदवीला महिना १,१७,००० येन, फी माफ, विमानभाडं, पहिलं वर्ष जपानी शिकण्याचं. लेखी परीक्षा असते, आणि गणित-विज्ञान रगडून केलेल्या आपल्या मुलांना हा प्रकार निबंधांपेक्षा जवळचा वाटेल.

अकरावीची_आई

मुलगा अकरावीत, इंटिग्रेटेडला. कॉलेजात फक्त नाव आहे, दिवसभर क्लासमध्ये. वर्षाचं घरचं उत्पन्न ९ लाख. आम्ही प्रयत्न करावा का? मुलगी दहावीत आहे.

सातारी_मास्तर

माझा सल्ला, करू नका. एका वेळी एकच डोंगर चढू द्या.

गोदाकाठ

ताई, मुलाला स्वतःला हवं असेल तरच करा. हवं असेल तर आजपासून कागद.

इंटिग्रेटेडची अडचण गुणांची नाही, पत्रांची आहे. तिकडे नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात, म्हणजे निम्मे शाळेतून आणि निम्मे ज्युनिअर कॉलेजातून. शिवाय मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकांची पत्रं. ज्याने मुलाला कधी पाहिलंच नाही तो काय लिहिणार? आमच्याकडे कारकून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र तक्ता) म्हणजे बोनाफाइड समजले होते. मी कोऱ्या कागदावर नमुना काढून दिला, तेव्हा चौथ्या खेपेला शिक्का मिळाला.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची टाटा शिष्यवृत्ती पाहा. २००८ मध्ये टाटा ट्रस्टने दिलेल्या अडीच कोटी डॉलरमधून आहे, भारतात शिकलेल्या भारतीय मुलांसाठी, ऐपतीवर. एका वेळी साधारण २० मुलं असतात. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाची लेस्टर पिअरसन शिष्यवृत्ती चार वर्षांची फी, पुस्तकं, राहणं सगळं देते, वर्षाला ३७ च्या आसपास मुलांना. पण नाव शाळेने सुचवायचं असतं. तुमच्या प्राचार्यांना हे आत्ताच विचारा, बारावीत विचारून उपयोग नाही.

मुलीसाठी मुळशीचं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज बघा. १९९७ पासून आहे, दहावीनंतरची दोन वर्षं, तिथेही ऐपतीवर मदत मिळते. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना डेव्हिस निधीतून पैसे मिळतात. मास्तरांचा एक डोंगराचा सल्ला तिच्या बाबतीत लागू होत नाही, कारण तिथे जेईई-सीईटी डोक्यावर नसते.

अकरावीची_आई

मुलाला विचारलं. हो म्हणाला, पण सीईटी सोडणार नाही म्हणाला. पत्र कुणाकडून घेऊ?

गोदाकाठ

दहावीच्या गणिताच्या बाई त्याला ओळखत असतील तर एक त्यांच्याकडून. दुसऱ्यासाठी ज्युनिअर कॉलेजातल्या एका विषयाच्या प्रॅक्टिकलला आतापासून न चुकता जायला सांगा, म्हणजे त्या सरांना चेहरा माहीत होईल. बारावीत लवकरच्या फेरीची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप असतं. सह्या दसऱ्याच्या आत घ्या. फॉर्म भरायला बसाल तेव्हा मला निरोप करा, मी फोनवर थांबेन.