उ: तीनच गणितं, मग दिवसभर काय?

वर कुणीतरी विचारलंय की आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला दिवसाला तीनच गणितं, मग साडेचार तास मुलं करतात काय? अहो, ते साडेचार तासही अपुरे पडतात!

पहिला अर्धा तास शंकांचा. प्रश्न नीट कळला नाही तर कागदावर लिहून द्यायचा. तो परीक्षक मंडळापुढे जातो आणि उत्तर लेखीच परत येतं. 'इथे शून्य धरायचं का?' एवढ्यासाठीही. त्यानंतर तोंड बंद. कॅल्क्युलेटर नाही, कोनमापकसुद्धा नाही. पट्टी आणि कंपास चालतो. शेवटच्या तासाला काही मुलं पेन खाली ठेवून नुसती छताकडे बघत बसतात. तो आळस समजू नका, तिसरं गणित असंच डोक्यात फिरवावं लागतं. १९८८ चं सहावं, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं तिसरं, गणित पूर्ण सोडवणारे जगभरातून फक्त ११ जण निघाले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक गणिताला ७, एकूण ४२ गुण.

पेपर संपला की मुलं मोकळी, पण मोठ्यांची झोप उडते. संघनेता आपल्या मुलांच्या वह्या घेऊन समन्वयकांसमोर, म्हणजे गुण ठरवणाऱ्यांसमोर, बसतो आणि एकेका गुणासाठी भांडतो. खोडलेल्या ओळीखाली कुठे सिद्धतेचा धागा सापडतोय का, हेही शोधतो. माझ्या मते खरा थरार तिथेच असतो, पण त्याचे फोटो कुणी काढत नाही.

आणि हो, पदक हुकलं पण एक गणित पूर्ण सुटलं, तर सन्माननीय उल्लेख मिळतो.