मदत हवी आहे: दोन सिमच्या फोनमध्ये ठरलेल्या सिमवरूनच एसएमएस जावा, यासाठी ते सिम ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी गोळा करणारं एक अँड्रॉइड अ‍ॅप मी सांभाळतो. नोंदी घेणारे कार्यकर्ते जिथे फिरतात तिथे इंटरनेट बहुतेक वेळा नसतं, पण एसएमएस जाईल एवढी रेंज असते. म्हणून नोंद भरली की अ‍ॅप एका ठरलेल्या क्रमांकावर एसएमएस पाठवतं. सर्व्हर पाठवणाऱ्याचा क्रमांक बघतो आणि नोंद त्या माणसाच्या नावावर जमा करतो.

अडचण सिमची आहे. फोन कार्यकर्त्यांचे स्वतःचे. त्यात एक सिम त्यांचं घरचं, दुसरं संस्थेने दिलेलं. एसएमएस संस्थेच्याच सिमवरून जायला हवा. घरच्या सिमवरून गेला की सर्व्हर अनोळखी क्रमांक म्हणून नोंद बाजूला टाकतो, आणि एसएमएसचे पैसे त्या माणसाच्या खिशातून जातात. मला दुसरी गोष्ट जास्त लागते. उन्हातान्हात फिरून नोंदी घेणाऱ्याला न विचारता त्याच्या पैशाने एसएमएस पाठवायचा अधिकार आपल्या अ‍ॅपला नाही.

सध्याची रचना अशी आहे. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की सबस्क्रिप्शन मॅनेजरकडून (फोनमधल्या सिमचा हिशोब ठेवणारा अँड्रॉइडचा भाग) चालू सिमची यादी घेतो (त्यासाठी रीड फोन स्टेट परवानगी मागतो), 'संस्थेचं सिम कोणतं?' असं विचारतो आणि निवडलेल्या सिमचा सबस्क्रिप्शन आयडी (फोनने त्या सिमला दिलेला आकडा) शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंग साठवायची छोटी फाइल) साठवतो. पाठवताना त्याच आयडीचा एसएमएस मॅनेजर वापरतो. स्लॉटचा क्रमांक मुद्दाम साठवत नाही, कारण लोक सिम काढून उलटसुलट घालतात, आणि स्लॉट सांगतो फक्त जागा. त्या जागेत आज कोण बसलंय हे त्यावरून कळत नाही.

बहुतेक फोनवर हे नीट चालतं. काही जणांचे एसएमएस मात्र घरच्या सिमवरून जायला लागले आहेत. त्यांनी अ‍ॅपमधली निवड बदललेली नाही. पडद्यावर 'सिम निवडलेलं आहे' असंच दिसतं, सेंट इंटेंटमध्ये (एसएमएस गेला की नाही हे कळवणारं फोनचं उत्तर) यशाचाच कोड येतो, लॉगमध्ये काहीच वावगं नाही. सर्व्हरवर टाकून दिलेल्या नोंदी पाहिल्या तेव्हाच हे लक्षात आलं.

मग सिमची पक्की खूण साठवावी असं ठरवलं. आयसीसीआयडी, म्हणजे सिमवर छापलेला ८९ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक, यासाठी अगदी योग्य होता. पण अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला तो मिळत नाही. टेलिफोनी मॅनेजरकडे मागितला तर सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची एरर) येतं, सबस्क्रिप्शन इन्फोमधून रिकामी स्ट्रिंग मिळते. आयएमएसआयचंही (नेटवर्क सिमला ज्या क्रमांकाने ओळखतं तो) तेच. मोबाइल क्रमांक वाचायची वेगळी परवानगी घेऊन पाहिली. काही सिमचा क्रमांक येतो, बऱ्याच सिमचा रिकामा येतो. ऑपरेटरच्या कोडवरून ओळखावं म्हटलं तर अनेकांची दोन्ही सिम एकाच कंपनीची आहेत.

तर प्रश्न असे: सबस्क्रिप्शन आयडी त्याच सिमला कायम राहतो, हा माझा समज बरोबर आहे का? बरोबर असेल तर हे फोन असं का वागताहेत? आणि आयसीसीआयडीशिवाय 'हे तेच सिम' अशी खात्री करायचा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

आधी एक विचारतो. फोन संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आणता येतील का? तुमचं अ‍ॅप डिव्हाइस ओनर (पूर्ण फोनचं व्यवस्थापन हातात असलेलं) असेल तर अँड्रॉइड १० नंतरही त्याला आयसीसीआयडी वाचता येतो. दुसरी वाट कॅरियर प्रिव्हिलेजची (ऑपरेटरने दिलेल्या खास अधिकाराची), पण त्यासाठी तुमच्या अ‍ॅपच्या सर्टिफिकेटची खूण ऑपरेटरने सिमवर टाकावी लागते. ती ऑपरेटरच्या स्वतःच्या अ‍ॅपसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

धागाकर्ता

फोन त्यांचे स्वतःचे आहेत, त्यात घरचे फोटो, बँकेची अ‍ॅप सगळं आहे. डिव्हाइस ओनर करायचं तर फोन आधी फॅक्टरी रीसेट करावा लागेल आणि मग त्याचा ताबा संस्थेकडे जाईल. एका एसएमएससाठी एवढं मागणं मला पटत नाही.

प्रतिसाद २

सबस्क्रिप्शन आयडीबद्दलचा तुमचा समज अर्धा बरोबर आहे, आणि दुखणं उरलेल्या अर्ध्यात असावं.

फोनमध्ये टेलिफोनीचा एक छोटा डेटाबेस असतो. नवं सिम घातलं की सिस्टीम त्याचा आयसीसीआयडी वाचते, तो आधीच्या ओळींमध्ये सापडला नाही तर नवी ओळ करते आणि पुढचा आकडा देते. तो आकडा म्हणजे सबस्क्रिप्शन आयडी. तेच सिम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं तर ओळ तीच राहते, फक्त स्लॉट बदलतो. म्हणजे एका फोनपुरता हा आयडी सिमला चिकटून राहतो. पण तो सिमवर लिहिलेला नसतो. दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम गेलं की तिथला डेटाबेस वेगळा, तिथला आकडा वेगळा. फॅक्टरी रीसेटनंतरही मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

आता हे पाहा: ज्यांच्याकडे गडबड होते त्यांनी मधल्या काळात फोन बदललाय का? अँड्रॉइड ६ पासून ऑटो बॅकअप आहे आणि मॅनिफेस्टमध्ये (सिस्टीमला सूचना देणारी फाइल) वेगळं काही सांगितलं नाही तर तो चालूच असतो. शेअर्ड प्रेफरन्सेस त्यात जातात. माणूस नवा फोन घेतो, खात्यावरून सगळं परत उतरवतो, तुमचं अ‍ॅपही उतरतं आणि सोबत जुन्या फोनवरचा 'सबस्क्रिप्शन आयडी २' येतो. नव्या फोनवर २ म्हणजे त्याने दुसऱ्यांदा घातलेलं सिम. ते घरचं निघू शकतं. अ‍ॅपला निवड आधीच झालेली दिसते, म्हणून ते विचारत नाही. आयडी वैध आहे, म्हणून एसएमएसही बिनबोभाट जातो. हे आकडे लहान असतात, बहुतेक १, २, ३, त्यामुळे चुकीचा आयडी नेमका दुसऱ्या सिमवर बसायची शक्यता भरपूर. आकडे मोठे आणि विस्कळीत असते तर निदान एरर तरी आली असती.

तेव्हा हा आयडी बॅकअपमधून वगळा. अँड्रॉइड १२ आणि पुढे डेटा एक्स्ट्रॅक्शन रूल्स, त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी फुल बॅकअप कंटेंट, दोन्हींत नियम लिहावे लागतील. नुसतं अलाउ बॅकअप फॉल्स करून थांबू नका. अँड्रॉइड १२ टार्गेट करणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्याने क्लाउडचा बॅकअप बंद होतो, पण काही उत्पादकांच्या फोनवर एका फोनमधून थेट दुसऱ्यात होणारं स्थलांतर चालूच राहतं. याहून सोपं म्हणजे हा आयडी नो बॅकअप फोल्डरमधल्या छोट्या फाइलमध्ये ठेवा. तिथलं काही बॅकअपमध्ये जात नाही.

धागाकर्ता

आत्ताच त्यांच्यापैकी काहींना फोन करून विचारलं. ज्यांच्याशी बोलणं झालं त्या सगळ्यांनी फोन बदललेला आहे! मी सिमच्या बाजूनेच शोधत होतो, बॅकअपकडे लक्षच गेलं नव्हतं. मनापासून आभार.

तरी एक शंका उरते. संस्थेचं सिम हरवलं आणि बदली सिम मिळालं, तर मोबाइल क्रमांक तोच पण सिम नवं. तेव्हा काय?

प्रतिसाद २

बदली सिमचा आयसीसीआयडी नवा, म्हणून सबस्क्रिप्शन आयडीही नवा. तुमचा साठवलेला आयडी चालू सिमच्या यादीत सापडणार नाही. अशा वेळी दुसरं सिम आपणहून निवडू नका. यादीत एकच सिम असलं तरी नको, ते घरचं असू शकतं. नोंद फोनमध्ये रांगेत ठेवा आणि माणसाला विचारा. विचारताना नुसतं 'सिम १, सिम २' दाखवू नका. सेटिंगमध्ये माणसाने सिमला दिलेलं नाव, कंपनीचं नाव आणि क्रमांक मिळाला तर त्याचे शेवटचे आकडे असं सगळं मिळून दाखवा. स्लॉट इंडेक्स ० पासून सुरू होतो, लोकांना दाखवताना त्यात १ मिळवायला विसरू नका.

ईसिमही याच यादीत येतं. अँड्रॉइड ९ पासून सबस्क्रिप्शन इन्फोला 'हे एम्बेडेड आहे का' असं विचारता येतं. यादीत फक्त चालू प्रोफाइल दिसतात, म्हणून यादीत नाही म्हणजे सिम गेलंच असं धरू नका. माणसाने ते तात्पुरतं बंद केलेलं असेल. साठवलेला आयडी लगेच पुसू नका.

सिम बदलल्याचं कळवणारा लिसनर आहे, पण अ‍ॅपची प्रोसेस जिवंत असेपर्यंतच तो ऐकतो. प्रत्येक एसएमएसच्या आधी यादी ताजी घेऊन तपासणं हाच भरवशाचा मार्ग. यादीऐवजी नल (म्हणजे काहीच नाही) मिळू शकतं, तेही धरून चला.

प्रतिसाद ३

वरचं सगळं योग्यच आहे, पण मला मूळ रचनेबद्दल बोलायचंय. पाठवणाऱ्याचा क्रमांक हीच माणसाची ओळख, हे गृहीतक कच्चं आहे.

तुम्हाला काही सिमचा क्रमांक रिकामा का मिळतो? कारण नेटवर्कसाठी सिमची ओळख म्हणजे आयएमएसआय, जास्तीत जास्त १५ आकडी. त्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडलाय ही नोंद ऑपरेटरच्या यंत्रणेत असते. सिमवर क्रमांक लिहायला एक जागा असते, पण ती भरणं ऑपरेटरवर बंधनकारक नाही. क्रमांक दुसऱ्या सिमला जोडला जातो, बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जातो, आणि एसएमएसवरचं पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालणंही अशक्य नाही. पाणीपातळीच्या नोंदींवरून पुढे निर्णय होणार असतील तर एवढ्यावर विसंबू नये.

मी असं करेन. नोंदणीच्या वेळी इंटरनेट असतंच, तेव्हा सर्व्हरने प्रत्येक कार्यकर्त्याला एक गुप्त किल्ली द्यावी आणि अ‍ॅपने ती अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये (किल्ल्या ठेवायची सुरक्षित जागा) ठेवावी. प्रत्येक एसएमएसमध्ये कार्यकर्त्याचा छोटा कोड, चढता अनुक्रमांक, नोंद आणि शेवटी त्या किल्लीने काढलेली एचमॅक सही (मजकूर आणि किल्ली मिळून निघणारी खूण). सहीचे पहिले ८ बाइट घेतले तर बेस ६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) ती ११ अक्षरांत बसते. सर्व्हरने सही आणि अनुक्रमांक तपासावा; पाठवणाऱ्याचा क्रमांक जुळला नाही तर नोंद फेकू नये, फक्त 'वेगळ्या क्रमांकावरून आली' अशी खूण करावी. मग चुकून घरच्या सिमवरून एसएमएस गेला तरी मेहनत वाया जात नाही.

यात तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट आहे: कीस्टोअरमधली किल्ली बॅकअपमध्ये जात नाही. अ‍ॅप उघडल्यावर प्रेफरन्सेस आहेत पण किल्ली नाही, असं दिसलं तर फोन बदलला किंवा रीसेट झाला असंच समजा. नोंदणी आणि सिमची निवड दोन्ही नव्याने करून घ्या.

प्रतिसाद ४

एसएमएसच्या लांबीकडेही लक्ष द्या. एका एसएमएसमध्ये १४० बाइट. साध्या इंग्रजी अक्षरांचे त्यात १६० बसतात, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं तर पूर्ण संदेश यूसीएस-२ मध्ये (प्रत्येक अक्षराला दोन बाइट घेणारी पद्धत) जातो आणि मर्यादा ७० वर येते. तुकडे पडले तर प्रत्येकात ६७ च. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे 'विहिरीत' हा शब्दच ७ जागा खातो. शेऱ्याचा रकाना असेल तर ठरावीक शेऱ्यांना कोड द्या. जेसनही (कंसांनी बांधलेली डेटाची मांडणी) नको, महिरपी आणि चौकोनी कंस प्रत्येकी दोन जागा घेतात. स्वल्पविराम पुरे.

प्ले स्टोअरवर टाकायचा विचार असेल तर तिथे सेंड एसएमएस परवानगीवर कडक बंधनं आहेत. डीफॉल्ट मेसेजिंग अ‍ॅप किंवा मान्य केलेले अपवाद यांनाच ती मिळते. परवानगीशिवायचा रस्ता म्हणजे सेंड टू इंटेंटने (अँड्रॉइडमार्फत केलेली पाठवण्याची विनंती) मजकूर भरून फोनचं मेसेजिंग अ‍ॅप उघडणं. पाठवायचं बटण माणूसच दाबतो आणि सिमही तिथे त्याच्यासमोर असतं. आयफोनवर तर दुसरा मार्गच नाही. सिम निवडणं अ‍ॅपच्या हातात नाही, आणि ऑपरेटरची माहिती देणारा सीटीकॅरियर वर्गही आयओएस १६ मध्ये पर्याय न देता निवृत्त केला.

प्रतिसाद २

एक राहिलं. या नोंदी हंगामी असतील, मधे काही महिने अ‍ॅप उघडलं जात नसेल, तर अँड्रॉइड ११ पासून न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या सिस्टीम आपोआप काढून घेते. मग यादी मागताना सिक्युरिटी एक्सेप्शन येईल. तिथे एक्सेप्शन गिळून डीफॉल्ट सिमवरून पाठवणारा कोड कुठे दडलाय का, ते नक्की शोधा.

धागाकर्ता

शोधला, आणि असा कोड खरंच सापडला. यादी न मिळाल्यास डीफॉल्ट एसएमएस मॅनेजर वापरणारी फांदी होती, ती काढून टाकली. आता यादी मिळाली नाही किंवा आयडी जुळला नाही की नोंद रांगेत थांबते आणि वर ठळक पट्टी दिसते.

आयडी नो बॅकअप फोल्डरमध्ये हलवला. पण जुना आयडी प्रेफरन्सेसमधून उचलून इकडे आणला नाही, कारण बदललेल्या फोनवर तोच चुकीचा आहे. पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना सिम एकदा नव्याने विचारणार. एचमॅकचं काम सर्व्हरवाल्या सहकाऱ्यांसोबत सुरू करतोय, एसएमएसची मांडणी ठरली की इथेच टाकेन, तपासून द्या.

बाजूला पडलेल्या नोंदींमध्ये विहिरीचा कोड आणि तारीख आहे, त्यामुळे कोणती नोंद कोणाची हे जुळवता येतंय. त्याच यादीवरून कोणाचे किती एसएमएस घरच्या सिमवरून गेले तेही निघतं. ती यादी संस्थेकडे देऊन त्यांचे पैसे परत करायला सांगितलं आहे.